गोळी डबीतून उचलली, हे डबीला कसं कळावं? (आईसाठी डबी बनवतोय, मदत हवी)

घोडबंदरकर | रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावतो, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतील.

आई ७८ वर्षांची. नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. "माझी माणसं इथे आहेत, तुमच्या टॉवरमध्ये मला लिफ्टची बटणंसुद्धा कळत नाहीत," म्हणून आमच्याकडे येत नाही. मी घोडबंदर रोडला. अंतर आठ-नऊ किलोमीटर, पण संध्याकाळी निघालो तर तासभर कुठेच गेला नाही.

गणपतीच्या आधी एक दिवस ती बाथरूमच्या दारात चक्कर येऊन बसली. बसली म्हणून वाचली, पडली असती तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली होती, ते विसरून अकरा वाजता परत घेतली. तिला विचारलं तर म्हणाली, "मला खरंच आठवेना रे घेतली की नाही. म्हटलं, राहायला नको."

त्यानंतर मी सात दिवस गुणिले दोन वेळा अशी चौदा कप्प्यांची डबी बनवली. प्रत्येक झाकणात छोटं चुंबक, खाली रीड स्विच (चुंबक जवळ असलं की जुळणारा). झाकण उघडलं की नोंद. चार दिवसांत त्यातली फट कळली. आई झाकण उघडते, गोळ्या बघते, "अजून नाश्ता व्हायचाय" म्हणून बंद करते. डबी म्हणते, घेतली.

मग झाकणाचा नाद सोडून गोळीच बघायची ठरवलं. प्रत्येक कप्प्याच्या तळाला टीसीआरटी ५००० लावला. तोच तो, आयआर (इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारा प्रकाश) एलईडी आणि तो प्रकाश ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर शेजारी शेजारी असलेला. गोळी असेल तर प्रकाश परत येतो, नसेल तर नाही. माझ्या टेबलावर झकास चाललं. आईच्या घरी खिडकीतून चार वाजता ऊन आत येतं आणि डबी वेड्यासारखी वागते. रिकामा कप्पा भरलेला दाखवते. एका पिवळ्या कॅप्सूलच्या बाबतीत तर भरदुपारी, रात्री, कधीही चुकते.

प्रश्न असा: गोळी कप्प्यातून खरोखर उचलली गेली हे प्रकाशाने खात्रीने ओळखता येतं का? कोणी केलंय का?

रेझिस्टर_१के | रविवार, रात्री ११:१५

केलंय. महापे एमआयडीसीत पॅकिंग मशिनवर वीस वर्षं फोटोसेन्सरच लावतोय, तेव्हा हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

पहिलं म्हणजे तुम्ही एलईडी सतत चालू ठेवून वाचताय का? तसं असेल तर तुमचा सेन्सर स्वतःचा प्रकाश वाचत नाहीये, खोलीचा वाचतोय. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. उपाय: एलईडी बंद ठेवून एक वाचन घ्या, लगेच चालू करून दुसरं घ्या, आणि दुसऱ्यातून पहिलं वजा करा. जो फरक उरेल तेवढाच तुमचा. दोन वाचनांतलं अंतर अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा कमी ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. सावकाश वाचलंत तर तेही आकड्यात येतं.

दुसरं, चार वाजताच्या थेट उन्हावर हा उपाय एकटा पुरणार नाही. फोटोट्रान्झिस्टर उन्हानेच पूर्ण चालू झालेला असतो. एलईडी लावा नाहीतर न लावा, आकडा तोच. फरक शून्य. तिथे सेन्सरला आडोसाच द्यायला हवा.

तिसरं, डबी कसली आहे? काळी थ्रीडी प्रिंट केलेली?

घोडबंदरकर | रविवार, रात्री ११:२२

हो, काळीच. मुद्दाम काळी घेतली, बाहेरचा प्रकाश आत येऊ नये म्हणून. आणि एलईडी सतत चालू, हेही खरं.

रेझिस्टर_१के | रविवार, रात्री ११:३१

तिथेच घात आहे. डोळ्याला काळं ते आयआरलाही काळं असेल असं नाही. टीव्हीच्या रिमोटचं तोंड बघा, काळपट प्लॅस्टिक असतं आणि त्यातूनच आयआर बाहेर पडतं. तुमचं काळं प्लॅस्टिकही तसलंच असू शकतं, मग शेजारच्या कप्प्याचा एलईडी या कप्प्यात दिसतो.

मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करा, अंधारात डबीच्या भिंतीमागे एलईडी पेटवा आणि स्क्रीनवर बघा. जांभळट ठिपका दिसला तर भिंत गळतेय. (मागच्या कॅमेऱ्याला बहुतेकदा आयआर अडवणारी काच असते, म्हणून पुढचा.) गळत असेल तर आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा, वरून काळा मॅट रंग. आणि एका वेळी एकच एलईडी पेटवा.

नौपाड्याची_सून | सोमवार, सकाळी ७:५०

घोडबंदरकर, वाचून पोटात कालवलं. आईंना जपा.

मी इंजिनियर नाही, पण सासऱ्यांचं सहा वर्षं केलं आहे. आम्ही कालनिर्णयवर टिक करत होतो. सकाळी एक, रात्री एक. पेन दोरीने खिळ्याला बांधलेलं. वीज नको, उन्हाची भीती नाही. एवढा खटाटोप खरंच लागतो का?

घोडबंदरकर | सोमवार, सकाळी ८:३५

ताई, आमच्याकडेही कॅलेंडर होतं. आईची पद्धत अशी की आधी टिक, मग पाण्याचा पेला, मग गोळी. टिक आणि पेला यांच्यामध्ये फोन वाजला की संपलं. किंवा उलटं: गोळी घेतली, टिक राहिली, मग अकरा वाजता कॅलेंडर सांगतं "घेतली नाही". चक्कर आली त्या दिवशी नेमकं हेच झालं होतं. गोळी आणि खूण या दोन वेगळ्या कृती आहेत तोवर त्या एकमेकींपासून सुटणारच. गोळी उचलणं हीच खूण झाली पाहिजे, एवढंच मला हवंय.

नौपाड्याची_सून | सोमवार, सकाळी ८:४१

"गोळी उचलणं हीच खूण." पटलं. माझा आक्षेप मागे.

मंदार_नेरूळ | सोमवार, सकाळी १०:०५

प्रकाशाच्या नादी कशाला लागता? खाली लोडसेल (वजनाचा सेन्सर) बसवा, तो वाचायला एचएक्स७११ चिप लावा. वजन घटलं की गोळी गेली. २४ बिटचं वाचन मिळतं.

रेझिस्टर_१के | सोमवार, सकाळी १०:२०

मंदार, २४ बिट कागदावर. हातात स्थिर बिट त्याहून बरेच कमी येतात. छोटी गोळी शंभर-दीडशे मिलिग्रॅमची, त्याची अर्धी करा. डबीचं स्वतःचं वजन दोन-तीनशे ग्रॅम. पंखा लागला की आकडा हलतो, दुपारी खोली तापली की सरकतो, आजी डबीवर चष्मा ठेवतात. शिवाय चौदा कप्प्यांतल्या कुठल्या कप्प्यातून गेली ते कळणार नाही. औषधाच्या बाटलीतला घोट मोजायला वजन उत्तम. सुट्या गोळीला प्रकाशच बरा.

सानिका_ऐरोली | सोमवार, दुपारी १:१२

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा प्रोजेक्ट याच विषयावर होता, फक्त आमचं यंत्र गोळी नळीतून खाली टाकतं आणि वाटेत प्रकाशाची आडवी रेघ तुटते.

आमचा पहिला महिना कसा वाया गेला ते सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाचा जाणार नाही. आम्ही एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा साधा सेन्सर) वापरला होता, कारण तोच घरात होता. गोळी पाच सेंटीमीटर पडली की तिचा वेग सेकंदाला जवळपास एक मीटर होतो. सहा मिलिमीटरची गोळी रेघेतून जायला लागतात फक्त सहा मिलिसेकंद. एलडीआरला अंधार झाल्याचं कळायलाच त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, तोवर गोळी वाटीत. फोटोट्रान्झिस्टर लावला तरी चुकायचं, कारण कोडमध्ये मी शंभर मिलिसेकंदांचा डिले टाकून ठेवला होता. सेन्सर ओरडत होता आणि प्रोसेसर झोपला होता! इंटरप्ट (सेन्सर हलला की प्रोसेसरला लगेच उठवणारी सोय) वापरल्यावर सुटलं.

तरी दोन गोळ्या चिकटून पडल्या की एकच मोजली जाते. आणि अर्धी गोळी रेघेच्या बाजूने सुटते.

औषधवाला_वाशी | सोमवार, दुपारी ३:४०

दुकान दुपारचं जरा शांत आहे म्हणून लिहितो. तुम्ही सगळे सेन्सरबद्दल बोलताय, मला गोळीबद्दल बोलायचं आहे.

पट्टीतून काढलेली गोळी ही पट्टीतल्या गोळीसारखी राहत नाही. आपल्याकडची हवा माहीत आहे, जून ते सप्टेंबर पापड मऊ पडायला दहा मिनिटं लागत नाहीत. ॲस्पिरिन ओल धरतं आणि विघटन होऊन ॲसेटिक ॲसिड सुटतं. डबी उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर त्या गोळ्या टाकून द्या. सोडियम व्हॅल्प्रोएट तर हवेतलं पाणी ओढून घेतं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी तिच्या मूळ काचेच्या बाटलीतच राहू द्या, अशा डबीत अजिबात नको. निफेडिपिनसारख्या काही गोळ्यांना उजेड चालत नाही. तुमच्या आयआरने त्यांना काही होत नाही, त्यांना बाधतो तो मुख्यतः अतिनील आणि निळसर उजेड. तेव्हा पारदर्शक झाकण करू नका.

आणि ज्यांच्या घरी संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आहे त्यांनी नीट ऐका. ती गोळी आठवड्यातून एकदा असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. डबी भरताना ती कुठल्या वारी जाते ते दोघांनी तपासा.

घोडबंदरकर, माझा सल्ला: पट्टी कात्रीने कापून तुकड्यासकट कप्प्यात ठेवा. एका वेळी एकाच आठवड्याचं भरा.

घोडबंदरकर | सोमवार, संध्याकाळी ६:५५

काका, सल्ला सोळा आणे बरोबर आहे, पण त्याने माझा सेन्सर आंधळा होतो. कापलेल्या तुकड्याला मागून ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, तो आयआर आरशासारखा परतवतो. आत्ताच करून बघितलं: गोळी असलेला तुकडा आणि गोळी काढलेला तुकडा, दोन्हींचं वाचन जवळपास सारखं. आणि आईला सवय आहे, रिकामा तुकडा ती परत कप्प्यात ठेवते, "नंतर एकदम टाकीन" म्हणून.

औषधवाला_वाशी | सोमवार, संध्याकाळी ७:३०

मग यादी पाठवा. ज्या गोळ्या सुट्या राहू शकतात त्या सुट्या ठेवू, न राहणाऱ्या वेगळ्या. सगळ्यांना एकच नियम लावायची गरज नाही. डबीत सिलिका जेलची पुडी टाकायला एक कोपरा ठेवा, मात्र ती आईंच्या हाताला लागणार नाही अशी, जाळीमागे.

पावसाळी_पाखरू | सोमवार, रात्री ९:१५

ईएसपी३२ कॅम (कॅमेरा असलेला छोटा प्रोसेसर-बोर्ड) लावा, दर वेळी फोटो काढा, फोटोत गोळ्या मोजा. विषय संपला.

सानिका_ऐरोली | सोमवार, रात्री ९:२८

फोटो काढता येईल, पण आजींच्या स्वयंपाकघरात कॅमेरा? माझी आजी तर त्यावर रुमाल टाकेल. आणि बरोबर करेल.

डॉ_वर्तकनगर | सोमवार, रात्री १०:५०

मी फिजिशियन आहे. ओपीडी संपवून वाचतोय.

जागतिक आरोग्य संघटनेचा २००३ चा अहवाल सांगतो की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे साधारण निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. तेव्हा तुमच्या आई एकट्या नाहीत. झाकणात चिप असलेल्या बाटल्या संशोधनात कित्येक वर्षांपासून आहेत. बाटली उघडली की वेळ नोंदली जाते. त्यातून एक गंमत पुढे आली: डॉक्टरची अपॉइंटमेंट जवळ आली की रुग्ण नियमित होतात, नंतर पुन्हा ढिले पडतात. रोज माझ्यासमोर बसून "अगदी वेळेवर घेतो हो डॉक्टर" म्हणणारे कितीतरी जण तेव्हा खरंच बोलत असतात, पण ते शेवटच्या चार दिवसांबद्दल.

क्षयरोगासाठी आपल्याच देशात ९९डॉट्स नावाची पद्धत निघाली, ती मला फार आवडते. गोळ्यांच्या पट्टीभोवती कागदी पाकीट. गोळी बाहेर ढकलली की मागे लपलेला नंबर दिसतो, रुग्णाने त्या टोल-फ्री नंबरवर फोन करायचा. कुठला नंबर निघेल ते आधी कळत नाही, त्यामुळे फोन आला याचा अर्थ गोळी निघाली. सेन्सर नाही, बॅटरी नाही. घोडबंदरकर, "गोळी उचलणं हीच खूण" हे तुमचं म्हणणं तिथे कागदावर साधलंय.

पण निघाली म्हणजे गिळली असं नाही. तेही पकडायचा प्रयत्न झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने) गोळीतच वाळूच्या कणाएवढा सेन्सर असलेलं एक मानसोपचाराचं औषध मंजूर केलं. पोटात ओला झाला की अंगावर चिकटवलेल्या पट्टीला तो संकेत देतो. तो सेन्सर बनवणाऱ्या कंपनीने २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याची कारणं अनेक असतील, पण मी माझ्या रुग्णाला ते सुचवलं नसतं. पोटापर्यंत पहारा नको. कप्प्यापर्यंत पुरे.

एक मात्र लिहून ठेवा: डबीने "राहिली" म्हटलं म्हणून दुप्पट घेऊन भरपाई करायची नाही. राहिलेली गोळी घ्यायची की सोडायची, हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं. डॉक्टरांना आधीच विचारून डबीच्या झाकणाच्या आत चिकटवा.

मासुंदाकाठी | मंगळवार, पहाटे ५:३५

मी ७४ वर्षांचा आहे. सकाळी साडेपाचला थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, मग तलावपाळीला फेरी, मग चहा. इथे सगळे मुलाच्या बाजूने लिहितायत, मी डबीच्या दुसऱ्या बाजूने लिहितो.

माझ्या मुलाने परदेशातून अशीच एक डबी पाठवली आहे. गोळी वेळेवर काढली नाही की त्याला पाच मिनिटांत संदेश जातो. तो तिथे मीटिंगमध्ये असतो, काळजीने मला फोन करतो. मी तेव्हा संडासात असतो. बाहेर येऊन फोन घेतला की पहिलं वाक्य, "बाबा, गोळी?" गेल्या वर्षभरात आमचं दुसरं बोलणं कमी झालं. मुलगा वाईट नाही हो, जीव टाकतो. पण मला माझ्याच घरात हजेरी दिल्यासारखं वाटतं.

तुमच्या आईंनी काय म्हटलं ते परत वाचा. "मला आठवेना घेतली की नाही." तो प्रश्न त्यांचा आहे आणि त्यांना स्वतःला पडला आहे. त्याचं उत्तर नौपाड्यातल्या टेबलावर मिळायला हवं, घोडबंदर रोडच्या मोबाइलवर नव्हे. मला मध्यरात्री शंका आली तर उठून डबीपाशी जाता यावं आणि डबीने सांगावं: "सोमवार रात्र, घेतली, ८ वाजून १२ मिनिटं." तेवढ्याने मी शांत झोपेन. मुलाला कळवायचंच तर दुसऱ्या दिवशी कळवा, किंवा अगदी दोन वेळा ओळीने राहिली तरच.

अक्षर मोठं ठेवा. माझा डावा हात थरथरतो, झाकण नखाने उघडायचं करू नका. अंगठ्याने ढकलता आलं पाहिजे.

घोडबंदरकर | मंगळवार, सकाळी ८:१०

काका, तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. मी संदेश पाठवायचा कोड आधी लिहिला होता आणि डबीवरचा दिवा "वेळ मिळाला तर" म्हणून शेवटी ठेवला होता. क्रम उलटा करतो. आजच.

रेझिस्टर_१के | मंगळवार, सकाळी ९:००

मासुंदाकाठी काका, नमस्कार करतो. आमच्या यंत्रांच्या नादात हे सुटलं होतं.

साचेवाला_रबाळे | मंगळवार, दुपारी २:२५

प्लॅस्टिकचे साचे बनवतो. इलेक्ट्रॉनिक्समधलं मला कळत नाही, पण कप्प्याचा फोटो बघितला. तुमचा तळ सपाट आहे. गोळी कुठल्याही कोपऱ्यात जाऊन बसते आणि सेन्सर मधोमध. मग तो बिचारा काय बघणार?

तळ व्ही आकाराचा करा, घराच्या उलट्या छपरासारखा. दोन्ही उतार ४५ अंशांचे, घासून गुळगुळीत. खालच्या घळीच्या दोन टोकांना समोरासमोर तीन मिलिमीटरची भोकं. एकात तुमचा एलईडी, दुसऱ्यात ते बघणारं. शेवटची गोळी कुठूनही टाका, घसरत घळीतच येणार आणि रेघेच्या आड बसणार. अर्धी असली तरी. घळीचा तळ धारदार नको, दोन मिलिमीटरची गोलाई द्या, नाहीतर गोळीची भुकटी साचेल आणि आईंचं बोटही आत पोचणार नाही. भोकं तळापासून किंचित वर, म्हणजे भुकटी त्यांच्या खाली राहील.

रेझिस्टर_१के | मंगळवार, दुपारी ३:०५

वा! हे खरं उत्तर. टीसीआरटी ५००० परत येणाऱ्या प्रकाशावर चालतो आणि त्याला सगळ्यात चांगलं दिसतं ते अडीच मिलिमीटरवर. गोळी जरा सरकली, तिरकी बसली की आकडा बदलला. समोरासमोरच्या रेघेत प्रश्न सोपा होतो: आड काही आहे की नाही. शिवाय सेन्सर खोल घळीत, आडवा बसल्यामुळे चारचं ऊन थेट त्याच्या डोळ्यात जाणार नाही. वजाबाकी मात्र ठेवाच.

मंदार_नेरूळ | मंगळवार, दुपारी ३:३०

एका कप्प्यात चार गोळ्या असतील तर? रेघ फक्त "आहे" किंवा "नाही" सांगेल. तीन घेतल्या, एक राहिली, हे कसं कळणार?

साचेवाला_रबाळे | मंगळवार, दुपारी ३:५२

म्हणूनच घळ. एक जरी उरली तरी ती खाली घसरून रेघेतच येते. रेघ मोकळी झाली म्हणजे कप्पा मोकळा झाला.

सानिका_ऐरोली | मंगळवार, संध्याकाळी ५:१८

पिवळ्या कॅप्सूलचं कोडं राहिलंच. ती तेलाची, आरपार दिसणारी आहे का? आमच्याकडे माशाच्या तेलाच्या कॅप्सूलने हाच त्रास दिला होता. प्रकाश तिच्यातून जातो, आणि नीट रेघेत बसली तर ती भिंगासारखा प्रकाश गोळा करते. रिकाम्यापेक्षा जास्त वाचन! आम्ही "प्रकाश कमी झाला का" हा प्रश्नच सोडून दिला. दर रविवारी डबी भरण्याआधी सगळे कप्पे रिकामे असतात, तेव्हा प्रत्येक कप्प्याचं वाचन साठवायचं. नंतर त्यापासून वर किंवा खाली, कुठेही ठरावीक अंतरापलीकडे गेलं तर आत काहीतरी आहे. भिंगावर धूळ बसून आठवड्याला वाचन थोडं घसरतं, तेही यातच सांभाळलं जातं.

घोडबंदरकर | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

हो, ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल आहे, तेलाचीच. सानिका, मी त्या कॅप्सूलपायी तीन रात्री सोल्डरिंग तपासत बसलो होतो. मनापासून आभार.

वीज जाते त्याचं काय करू? चौदा एलईडी बॅटरीवर किती टिकतील?

रेझिस्टर_१के | मंगळवार, रात्री ८:१५

तोंडी हिशेब. एका एलईडीला २० मिलिअँपिअर, एक मिलिसेकंदासाठी, दर दहा सेकंदांनी. चौदा एलईडी मिळून दहा सेकंदांत चौदा मिलिसेकंद. सरासरी २८ मायक्रोअँपिअर. काहीच नाही. तुमची बॅटरी एलईडी खाणार नाहीत, बोर्ड खाईल. ईएसपी३२ ला डीप स्लीपमध्ये (जवळपास बंद, गाढ झोपेत) टाका, आणि डेव्हलपमेंट बोर्डवरचा तो लाल दिवा काढून टाका, तो रात्रंदिवस जळत असतो. वेळेसाठी डीएस३२३१ घ्या, त्याची स्वतःची बटण-बॅटरी असते, वीज गेली तरी घड्याळ चालू. चौदा फोटोट्रान्झिस्टर वाचायला सोळा वाटांचा मल्टिप्लेक्सर मिळतो, सीडी७४एचसी४०६७. लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर दोन आणा. एक जळतोच.

अमरावतीची_लेक | मंगळवार, रात्री ९:०२

मी कोपरखैरण्यात, बाबा अमरावतीला. हा धागा सकाळपासून वाचतेय. काही विचारायचं नाही. फक्त कळवायचं होतं की मासुंदाकाठी काकांचं वाचून आज बाबांना फोन केला आणि गोळीबद्दल विचारलं नाही. ते संत्र्याच्या भावाबद्दल पाऊण तास बोलले.

मासुंदाकाठी | बुधवार, पहाटे ५:४०

बाळ, छान केलंस.

घोडबंदरकर | (अठरा दिवसांनी) शनिवार, रात्री ११:२०

मंडळी, हिशेब द्यायला आलोय.

साचेवाल्यांनी स्वतःच्या कारखान्यात तळाचा नमुना बनवून दिला. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा घेतला. पांढऱ्या प्लॅस्टिकचा तळ, भोकांच्या भोवती ॲल्युमिनियमची पट्टी, वर काळा मॅट रंग. फोटोट्रान्झिस्टरला अर्धा सेंटीमीटर लांबीची काळी नळी टोपीसारखी घातली. चारच्या उन्हात मुद्दाम झाकण उघडं ठेवून डबी खिडकीत ठेवली, तीन दिवस. एकदाही चुकली नाही.

वाशीच्या काकांनी यादी बघून पाच गोळ्या सुट्या ठेवायला हरकत नाही म्हणून सांगितलं, दोन पट्टीतच ठेवायला सांगितल्या. त्या दोन आईच्या जुन्या स्टीलच्या डब्यात आहेत आणि त्या सध्या तिच्या लक्षात राहतात.

डबीवर आता प्रत्येक कप्प्याला एक छोटा दिवा. गोळ्या आत आहेत आणि वेळ झाली आहे, तर केशरी. कप्पा मोकळा झाला की हिरवा, आणि तो पुढच्या वेळेपर्यंत हिरवाच राहतो. वरच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात वार, वेळ आणि "घेतली". मला संदेश येतो तो फक्त दोन वेळा ओळीने राहिल्या तर. अजून एकदाही आलेला नाही.

एक चूक झाली, ती सांगतो. परवा आईने चारही गोळ्या तळहातावर घेतल्या, दिवा हिरवा झाला, आणि दारावर दूधवाला आला. तिने गोळ्या फ्रिजवर ठेवल्या. संध्याकाळी मी गेलो तेव्हा तिथेच. डबीच्या हिशेबी घेतलेल्या. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. आता पाण्याचा पेला डबीच्या शेजारीच ठेवायचा आणि डबीपाशी उभं राहूनच गोळी गिळायची, असं आईने स्वतः ठरवलंय. त्यासाठी डबी पाण्याच्या माठाशेजारी हलवली, म्हणजे आता दमट जागा आली. सिलिका जेल दर रविवारी बदलतोय.

काल रात्री तिथेच झोपलो होतो. दोनच्या सुमारास पावलांचा आवाज आला. दिवा न लावता आई स्वयंपाकघरात गेली, डबीवरचा हिरवा ठिपका बघितला, "घेतली गं बाई," असं पुटपुटली आणि परत येऊन झोपली. मी जागा आहे हे तिला कळलं नाही.

नौपाड्याची_सून | शनिवार, रात्री ११:३८

डोळ्यात पाणी आलं.

अमरावतीची_लेक | रविवार, सकाळी ७:१५

घोडबंदरकर, आता विचारते. एका कप्प्याचं माप किती ठेवलंत? आणि झाकण अंगठ्याने उघडेल असं कसं केलंत? दिवाळीला जाताना बाबांसाठी घेऊन जायचं आहे. त्यांना हिरवा-केशरी नीट ओळखू येत नाही, त्यासाठी काही सुचवा.

घोडबंदरकर | रविवार, सकाळी ८:०२

कप्पा आतून २८ गुणिले २८ मिलिमीटर, खोली २२. झाकणाला पुढे आठ मिलिमीटरची जीभ काढली आहे, अंगठा तिच्याखाली जातो. रंगाऐवजी असं करा: वेळ झाली की दिवा उघडझाप करेल, घेतली की स्थिर. कोडमध्ये एका ओळीचा बदल आहे, आज दुपारी करून तुम्हाला पाठवतो.